काकींच्या घरची घंटी

विसरवाडीला आमचं घर हायवेपासून दोन गल्ल्या आत आहे. समोर काकी राहतात. नात्याने त्या आमच्या कोणी नाहीत. चौफुलीवर पूर्वी त्यांचं भज्यांचं दुकान होतं, ट्रकवाले त्यांना काकी म्हणायचे, म्हणून सगळं गाव म्हणतं. यजमान गेले, दुकान बंद झालं, एकुलता मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला आणि त्याने तिथेच संसार मांडला. काकी मात्र गेल्या नाहीत.

एका हिवाळ्यात काकींचे गुडघे फारच धरले, तेव्हा मुलगा न्यायला आला. अंगणात उभ्या-उभ्याच बोलणं झालं, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं. तो म्हणाला, "एकटी पडलीस तर कोणाला कळणार? याचं उत्तर दे, मग ऱ्हा इथे खुशाल."

उत्तर माझ्या मुलीकडे होतं.

ती तेव्हा बारावीला होती. इंजिनिअर व्हायचं हे तिने दहावीतच ठरवून टाकलं होतं आणि घरातला एकही रेडिओ, मिक्सर तिने धड ठेवला नव्हता. तिने दोन दिवसांत काकींच्या खाटेच्या उशाला एक लाल बटण बसवलं. तिथून तार शेजारच्या शिंप्याच्या पत्र्यावरून, निंबाच्या फांदीवरून गल्ली ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आणली आणि तिथे घंटी लावली. काकींना काही लागलं की बटण दाबायचं, आम्ही धावत जायचं. मुलाने स्वतः दाबून पाहिलं आणि तो समाधानाने सुरतेला परतला.

पहिल्या आठवड्यात घंटी तीनदा वाजली. एकदा मांजर बटणावर बसली. एकदा काकींकडून पुसताना दाबलं गेलं. तिसऱ्या वेळी मुलगी पुस्तक टाकून धावली, तर काकी ताट वाढून बसल्या होत्या.

"फुनका करेल शेतस. गरम शेतस तवर खाई ले."

"आजी! घंटी जेवायला बोलवायला नाही!"

"मंग कसाकरता शे? मराकरता?"

मुलगी रागावून तिथेच बसली आणि डाळीचे वाफवलेले फुणके खाऊन आली.

पुढे उन्हाळ्यात तिची प्रवेश परीक्षा आली. केंद्र नंदुरबारला होतं. मी आदल्या दिवशी पिशवी भरून ठेवली: ओळखपत्र, पेनं, पाण्याची बाटली, दशम्या, लोणचं. मी मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे; यादी केल्याशिवाय मला कोणाला दारापर्यंतही पोचवता येत नाही. उजाडता उजाडता मी, मुलगी आणि हे, असे आम्ही तिघं निघालो.

दुपारी परतलो तर काकींच्या ओट्यावर गर्दी. त्या पहाटे खाटेवरून उतरताना पडल्या होत्या. दूधवाल्याने दार वाजवलं, तेव्हा आतून कण्हणं ऐकू आलं. शेजाऱ्यांनी त्यांना चिंचपाड्याला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. हाड मोडलं नव्हतं, पण पाय सुजून टम्म झाला होता.

मुलीने आधी बटण दाबून पाहिलं. आमच्याकडे घंटी वाजली. तार ठीक, सगळं ठीक.

"आजी, हात पोचत नव्हता का?"

"पोची ऱ्हायंता."

"मग दाबलं का नाहीत? आम्ही तेव्हा घरीच होतो!"

"तुम्हनी गाडी चालू व्हयेल मी आयकी ना," काकी म्हणाल्या. "पोरी, तू परीक्षाले निंघी ऱ्हायंती. चांगला कामले निंघेल मानूसले कोनी मांगून हाक मारस का?"

"ती हाक नव्हती. घंटी होती."

"घंटी म्हंजे हाकच ना. तारमाईन जास, इतलंच."

गर्दीतल्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही चूक दिसेना. मी असते तरी दाबलं नसतं.

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. तो रागावला नाही, हेच वाईट होतं. पाय बरा झाला की जूनअखेर आईला घेऊन जातो, असं त्याने शांतपणे सांगितलं. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, तू चांगलंच केलं होतं. पण ती बटण दाबणार नाही. आज परीक्षा म्हणून नाही दाबलं, उद्या तुमचे पाहुणे आले म्हणून नाही दाबणार, परवा तुम्ही जेवायला बसला असाल म्हणून. मी ओळखतो तिला."

तो गेल्यावर मुलगी शिडी घेऊन बाहेर आली, निंबावरची तार काढली आणि गुंडाळून खिळ्याला टांगली. पेपर कसा गेला हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

सुटीत आम्ही दरवर्षी सासऱ्यांकडे जातो. त्यांचा पाडा काठी गावाच्याही पलीकडे, सातपुड्याच्या आत. तिथे घरं एकाला एक लागून नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. मधे नाले, मधे झाडी. माझं माहेर नवापूरकडचं, भरवस्तीतलं. लग्न होऊन आले तेव्हा या मोकळेपणाची मला भीती वाटायची. सकाळी उठून सासरे अंगणाच्या कडेला जायचे, तोंडाशी हात धरून लांबलचक हाळी द्यायचे. नाल्यापलीकडून उत्तर यायचं, मग त्याच्या पुढच्या टेकाडावरून, मग आणखी लांबून, पुसट. मग सगळे आपापल्या कामाला. इतकी वर्षं मी ते ऐकते आहे. तोंड धुण्यासारखं ते रोजचं होतं, त्यामुळे कशासाठी म्हणून मी कधी विचारलंच नाही.

त्या वर्षी एका सकाळी सासऱ्यांनी हाळी दिली आणि नाल्यापलीकडच्या घरातून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा दिली. त्याच्या पुढच्या टेकाडावरून कोणीतरी ओ दिली, पण मधलं घर गप्पच. सासऱ्यांनी काठी उचलली आणि उतारावरून चालू लागले. मुलगी चप्पल घालून मागे धावली.

मी भाकरी थापत होते. बऱ्याच वेळाने दोघं हसत परतली. त्या घरची माणसं आदल्या संध्याकाळी न सांगता लग्नाला गेली होती. घरात फक्त शेळ्या होत्या, त्या सोडून, पाणी दाखवून ही दोघं आली होती.

"येऊ दे त्याला," सासरे म्हणाले. ते घरी भिलीत बोलतात, मी मराठीत लिहिते आहे. "लग्नात गूळ खातो आणि मला सकाळी सकाळी नाला उतरायला लावतो. त्याच्या कोंबड्याला सांगून आलोय, उद्यापासून तू तरी ओ देत जा."

मुलगी चुलीपाशी बसली. भाकरी मोडत म्हणाली, "आज्या, माणूस आजारी असला तर तो हाळी कशी देईल?"

सासऱ्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "तो कशाला देईल? धड असेल त्याने द्यायची. दुखणाऱ्याने पडून राहायचं. आपण जातोच की."

मुलीने भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मी उलटं केलं होतं."

विसरवाडीला आल्यावर तार पुन्हा निंबावर चढली. या वेळी बटण खाटेपाशी नव्हतं, काकींच्या चुलीपाशी होतं, आणि घंट्या दोन होत्या. काकींनी सकाळी उठून चहा ठेवला की बटण दाबायचं, आमच्याकडे वाजणार. आम्ही आमचं बटण दाबायचं, त्यांच्याकडे वाजणार. झालं. कोणी कोणाकडे जायचं नाही.

काकी पाय लांब करून ऐकत होत्या. "म्हंजे मी उठनू, हाई गावले सांगानं?"

"गावाला नाही, आम्हाला."

"आनि नही दाबं ते?"

"दूधवाला येऊन गेला तरी घंटी नाही आली, तर मी येणार. तुम्ही नुसत्या झोपलेल्या असाल तरी दार बडवणार. माझा अभ्यास असो, पाहुणे असोत, आमचं जेवण चालू असो, सगळं टाकून येणार."

"माय वं! हाई ते आखो जास्त कठीन."

दुसऱ्या दिवसापासून घंटी येऊ लागली. सुरुवातीला काकींना धीर नसे; उत्तर येईपर्यंत बटण दाबून धरत. आमचे हे अर्धी दाढी केलेल्या गालाने धावत यायचे. मग काकी शिकल्या. आणि एकदाही चुकल्या नाहीत. आम्हाला त्रास नको म्हणून ज्यांनी बटण दाबलं नव्हतं, त्याच आता आम्हाला त्रास नको म्हणून रोज दाबत होत्या.

त्याच महिन्यात मुलगी माझ्या वसतिगृहात आली होती. माझ्या खोलीच्या दाराशी तक्रारपेटी आहे. ती पेटी नेहमी रिकामी, आणि मला वाटायचं, आपल्याकडे सगळं व्यवस्थित चाललंय. मुलगी पेटीकडे पाहत म्हणाली, "आई, जिला त्रास आहे तीच इथे येऊन चिठ्ठी टाकणार? सगळ्यांच्या देखत?" तेव्हापासून दर शनिवारी प्रत्येक मुलगी पेटीत चिठ्ठी टाकते. सांगायला काही नसेल तर कोरी. पहिल्याच शनिवारी मला कळलं की एका चिमुरडीला स्वच्छतागृहाच्या वाटेवरच्या, जिन्याखालच्या अंधाराची भीती वाटते आणि पाऊस लागल्यापासून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. जिन्याखाली दिवा लागला.

प्रवेशाचे पर्याय भरताना माझ्या यादीत कॉम्प्युटर वर होतं. तिने इलेक्ट्रॉनिक्स वर नेलं. मी कारण विचारलं.

"माणसं वस्तूशी कशी वागतात ते बघायचंय. भिडस्त माणसं तर जास्तच."

"त्याची नोकरी मिळते का?"

"मिळेल ना. निम्मा खानदेश भिडस्त आहे."

जूनअखेर काकींचा मुलगा आला. येताना मोठी नवी बॅग घेऊन आला आणि संध्याकाळीच त्याने आईची लुगडी, औषधं, देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती असं सगळं तिच्यात भरलं. काकी खाटेवर बसून पाहत होत्या. आम्ही मधे पडलो नाही. तो त्यांचा मुलगा आहे, त्याची काळजी खरी होती.

सकाळी नेहमीच्या वेळेला घंटी आली. मुलीने उत्तर दिलं. जरा वेळाने तो आमच्या दारात उभा, हातात चहाचा कप तसाच.

"हे रोज होतं?"

"रोज," मुलगी म्हणाली.

"आणि एखाद्या दिवशी आई विसरली तर?"

"अजून तरी विसरल्या नाहीत. विसरल्या तर दार बडवायचं."

तो पायरीवर बसला. "मी रोज फोन करतो. कशी आहेस विचारलं की म्हणते, बरी शे. ताप असला तरी बरी शे, पडली होती त्या दिवशीपण बरी शे. आता मी विचारणंच सोडून दिलं होतं." कपातला चहा त्याने एका घोटात संपवला. "तू शिकायला गेल्यावर उत्तर कोण देईल?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हटलं नाही. मला सकाळी वसतिगृहाचं दूध मोजून घ्यावं लागतं, ह्यांची शाळा लवकर असते. कोणत्या दिवशी कोण, सुटीत कोण, गावाला गेलो तर शिंप्याकडे कसं सांगून जायचं, हे मी त्याच्यासमोर बोटांवर ठरवलं. मग म्हटलं, "होईल."

दुपारच्या गाडीने तो एकटाच परत गेला. बॅग इथेच राहिली. काकी तिच्यात आता पापड ठेवतात.

मुलगी आता जळगावला शिकते. सकाळची घंटी माझी आहे. श्रावणात मला ताप भरला. हे प्रशिक्षणाला गेले होते. घंटी वाजली ती मला झोपेत ऐकू आली. उठावंसं वाटलं, पण अंग उठलं नाही, आणि डोळा पुन्हा लागला. जाग आली ती दार बडवण्याने.

काकी दारात होत्या. एका हाताने भिंत धरलेली. गल्लीत चिखल होता, वाटेत गटाराची फरशी होती, आणि हे सगळं त्या एकट्या ओलांडून आल्या होत्या.

"उत्तर नही उनं," त्या म्हणाल्या. "म्हनीसन उनू."

मी त्यांना रागावले. पडल्या असत्या तर काय, कोणाला तरी पाठवायचं होतं, शिंप्याला हाक मारायची होती. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या कपाळावर हात ठेवला, आणि मला बाजूला सारून आत जाऊन चूल कुठे आहे ते शोधायला लागल्या.

"काकी, चूल नाही, गॅस आहे. राहू द्या."

"मंग कसा पेटस तो? सांग. मी काही घर जाई नही ऱ्हायनी."

मी पडल्या पडल्या सांगितलं. त्यांनी चहा केला. फार गोड होता. तो पिऊन होईपर्यंत त्या माझ्या पायाशी बसून राहिल्या, आणि संध्याकाळी ताप उतरल्यावरच, माझा हात धरून, त्यांनी गल्ली परत ओलांडली.