सनपॅकचं विमान आणि साहेबांचा जुना फोटो

वडवणीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली आणि निवडणूक या तिन्हींवर ते चालतं. त्या वर्षी आमच्या भागातल्या एका साहेबांच्या वाढदिवसाचे दोनशे बोर्ड छापून तयार झाले, आणि वाढदिवसाला पंधरा दिवस उरले असताना साहेबांनी पक्ष बदलला. बोर्डांच्या वरच्या पट्टीतले सगळे मोठे नेते एकदम चुकीचे ठरले. नवे बोर्ड मला द्यायचे की बीडच्या दुकानाला, हे साहेब मुंबईहून परतल्यावर ठरवणार होते. ते गिऱ्हाईक गेलं तर त्यांच्यामागे त्यांचे सगळे कार्यकर्ते जाणार आणि मला दुकानात माशा माराव्या लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

हातात काम नव्हतं, म्हणून मी विमान करायला घेतलं. रिमोटचं, बॅटरीवरचं, आणि वेगानं जाणारं. तयार विमानाच्या किमतीत जुनी स्कूटी आली असती. मी मोटर, बॅटरी आणि रिमोट तेवढे मागवले, तेही वापरलेले. बाकी माल मागच्या खोलीत रचलेलाच होता: साहेबांचे ते रद्द झालेले बोर्ड, सनपॅकवर छापलेले. सनपॅक म्हणजे विजेच्या खांबाला बांधतात तो प्लॅस्टिकचा हलका पत्रा. त्याच्या आत पोकळ नळ्या असतात. त्यांत मोडक्या छत्रीच्या काड्या सारल्या की पंख वाकत नाही. बिनशेपटीचा एक मोठा त्रिकोण कापला आणि जोड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळले.

शेजारी मोटार वाइंडिंग करणारे चाचा वायरींना सोल्डरचा डाग द्यायला आले. त्यांनी विमान उलटं करून पाहिलं.

"भाभी, साहेबांचं तोंड खाली कावून लावलंय?"

"वेगात असताना वरची बाजू कुठली अन् खालची कुठली, कळत नाही. तोंड दिसलं की समजायचं, हे पोट."

"अन् साहेबांना दिसलं तर?"

"साहेब मुंबईत आहेत, चाचा."

"लई हुशार तुमी. हे उडलं तर मी वाइंडिंग सोडून देतो."

गावाबाहेरच्या पडीक रानात पहिल्या फेकीला विमानानं नाक वर केलं आणि मागे पडलं. चाचांनी तोंडावर रुमाल धरला. मी बॅटरी चार बोटं पुढे सरकवली, दोन बोटांवर तोल पाहिला आणि परत फेकलं. या वेळी ते असं सुटलं की मान वळवेपर्यंत रानाच्या कडेच्या लिंबाच्या झाडापलीकडे. हात जोडलेले साहेब हसत हसत आमच्या डोक्यावरून गेले, वळले, परत गेले. चाचांनी रुमाल खिशात घातला.

तेवढ्यात रस्त्यावर चार पांढऱ्या गाड्या आल्या. साहेब एक दिवस आधीच परतले होते. मी गाड्यांकडे पाहिलं, ही चूक. तेवढ्यात विमान सूर मारून पहिल्या गाडीसमोरच्या मातीत नाक खुपसून बसलं, पोट गाडीकडे करून.

एक कार्यकर्ता उतरून ओरडला, "कुणी पाडलं बे साहेबांना?"

मी पुढे गेले. मागोमाग साहेब उतरले. त्यांनी विमान उपटलं आणि स्वतःचा चेहरा न्याहाळला. नाकाजवळ जुन्या पक्षाच्या नेत्याचा एक कान आणि अर्धा चष्मा शिल्लक होता.

"ताई, ह्यो मीच हाय ना?"

"तुम्हीच. रद्द झालेल्या बोर्डावरचे. फेकून देण्यापेक्षा वापरले."

"पळतंय किती?"

"बसच्या दुप्पट, साहेब," चाचा मागून म्हणाले.

साहेबांनी माती झटकली. "आमचं तिकीट एवढ्या वेगानं कधी आलं न्हाई." कार्यकर्ते हसावं की नाही ते ठरवत होते. साहेब हसल्यावर तेही हसले. विमान माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "नवे बोर्ड तुमीच करा. फक्त छापायची घाई करू नका. आदल्या दिवशी फोन करून विचारा, मी कुठल्या पक्षात हाय."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी मशीन तापवून मी फोन केला.

"संध्याकाळपर्यंत थांबा," साहेब म्हणाले.