क्योतोच्या मिस्सेत मराठी

आई क्योतोला आली तेव्हा मी तिला दाखवायला बागा आणि बुद्धमंदिरं ठरवून ठेवली होती. ती म्हणाली, "ते बघूच गं. आधी इथली आपली देवळं दाखव." आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. मी इथल्या विद्यापीठात संशोधन करते. आई मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका.

मग आमची भटकंती सुरू झाली. समुद्राकाठच्या एका गावात लाकडी चर्च सापडलं. दाराशी चपला काढायच्या, आत तातामीच्या चटयांवर बसायचं. रंगीत काचांतलं ऊन आईच्या पदरावर पडलं होतं. बराच वेळ गुडघे टेकून उठताना ती म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय. अगदी घरासारखं."

मी क्योतोत ज्या चर्चला जाते, तिथे महिन्यातून एकदा परदेशी लोकांसाठी मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, असते. श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे लोकांनी एकेक करून पुढे येऊन सगळ्यांसाठी केलेली मागणी, तेव्हा निरनिराळ्या भाषांत होतात. ती व्यवस्था बघणाऱ्या जपानी आजींनी मला विचारलं, "आईंना एखादी इंग्रजी प्रार्थना देऊ का?"

आई म्हणाली, "त्यांना सांग, इंग्रजी मला येतं. पण देवाशी मी मराठीत बोलते."

मी तसंच सांगितलं. आजींनी मान लववली. "मग मराठीतच होऊ दे."

मिस्सेत प्रार्थनांची वेळ आली, तशी आई पुढे गेली. वर्गात कविता म्हणायची तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "घरदार सोडून परमुलखात राबणाऱ्या लेकरांना सांभाळ, प्रभो." तेच मग मी जपानीत सांगायचं होतं. मीही तिच्यासारखंच सावकाश सांगितलं. मागच्या बाकांवरच्या फिलिपिनो बायकांनी डोळे पुसले.

मिस्सा संपल्यावर आजी आईजवळ आल्या. "अर्थ नंतर कळला," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही मागताय ते आधीच पोचलं होतं." मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा आईने त्यांचे दोन्ही हात धरले. घरी परतताना बसमध्ये ती ताठ बसली होती, शाळेच्या निकालाच्या दिवशी बसायची तशी.

आई वसईला परतली. पुढच्या मिस्सेच्या आधी आजींचा फोन आला, "मराठी कोण म्हणणार?" तेव्हापासून मी म्हणते.