सुधाच्या उलट्या तारा

सुधाचा सकाळचा फोन मी मुद्दाम उशिरा उचलायची. ती चिडायची, आणि ती चिडली की ठणठणीत आहे हे मला कळायचं. त्या दिवशीही तसंच केलं. पण पलीकडून तिची मुलगी बोलली, "मावशी, आई गेली..." आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?"

महिना होत आला. अजून मला नीट उत्तर सापडलेलं नाही.

आम्ही दोघी जबलपूरच्या अधारताल मोहल्ल्यातल्या शेजारणी. ती मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. मी कलावंत होते, म्हणजे तसं मला वाटायचं. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार मी शिकले होते आणि गणपतीच्या मांडवात चक्क काळा चष्मा लावून बसायची. समोरचं काही दिसायचं नाही, पण सगळे माझ्याकडेच पाहून राहिले आहेत याची खात्री असायची.

गिटार मागच्या रांगेपर्यंत पोचेना, म्हणून सुधाने तिला विजेवर आणायचं मनावर घेतलं. तारांखाली बसतो तो पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. जबलपुरात तयार मिळेना, तर तिने घरीच दोन केले, सासूबाईंच्या शिवणयंत्राचं चाक फिरवून. सासूबाई आतून ओरडल्या, "काय शिवून राहिली वं?" सुधा म्हणाली, "कुमुदच्या गिटारचं ब्लाउज!"

पण जोडताना एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल झाली. आवाज आला तो बारीक, पोकळ... तिलवाऱ्याच्या पुलाखालून कुणी हाक मारावी तसा. सुधाचा चेहरा पडला. "उलटं झालं वं. एक म्हणते चल, दुसरं म्हणते थांब. आण, सरळ करून देते."

"हात तर लाव!" मी म्हटलं. "हा माझ्या बोटांचा गुण आहे."

पुढे घमापूरच्या मांडवात एक जण म्हणाला, "क्या दर्द है, दीदी!" मी जमिनीवर राहिलेच नाही. सुधा मागून म्हणाली, "दर्द नहीं भैया, गलत कनेक्शन है."

दर गणपतीला ती म्हणायची, आण. दर गणपतीला मी नाही म्हणायची. चष्मा गेला, मांडव गेले, नातवंडं आली. बोटांचा गुणबिण काही नव्हता हे तोवर मलाही कळलं होतं. पण वाजवायला बसले की त्या पोकळ आवाजात सुधा कुरकुरत असायची, आणि ती मला तिथे हवी होती.

शेवटची भेटले ती तिच्या बोलावण्यावरून. दवाखान्यातून घरी आणलं होतं. "गिटार घेऊन ये," म्हणाली. "माझ्या हातचं चुकलेलं काम मागे नाही ठेवायचं मला, कुमुद." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी वाद घातला नाही. मी मोबाइलचा उजेड धरला, तिने त्या दोन तारा सुलट करून कथलाने सोल्डर केल्या. थेंब ओबडधोबड पडले. "पोरीनं असं केलं असतं तर वर्गाबाहेर काढली असती," म्हणाली आणि उशीला टेकली. मी विचारलं, "वाजवू?" "आत्ता नको... थकले. पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. मागच्या आठवड्यात मी एकटीनेच वाजवली. आवाज भरदार आला, गोल, अगदी बरोबर. सुधाला हवा होता तसा. आणि त्यात सुधा नव्हती.

दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन मी घमापूरला गेले. दुरुस्तीवाल्याने पट्टी उघडली. "आंटीजी, वायरिंग तो एकदम सही है. बस सोल्डर ज़रा मोटा है."

"उलटी करून मिळेल? पहले जैसी?"

तो हसला. "उल्टी कौन करवाता है? चलो, कर देते हैं. ये सोल्डर हटाना पड़ेगा."

त्याने गरम सळई त्या दोन थेंबांजवळ नेली आणि मी त्याचं मनगट धरलं. "रहने दो, भैया."

आता रोज संध्याकाळी वाजवते. चांगली वाजते... फार चांगली वाजते.