पुण्यातले दोन दिवस आणि पाठ न टेकवणारी मुलगी

शुक्रवारी शाळा सुटली तशी पिशवी उचलली आणि सातारा स्टँडवर स्वारगेटची एसटी धरली. मी शाळेत पी.टी. शिकवतो. उरलेल्या वेळात एमएमएच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या, नव्या खेळाडूंचा सराव पाहून आयोजकांना अहवाल देतो. या वेळी पुण्यातले दोघे होते. दोघांच्याही लढती तीन आठवड्यांवर आलेल्या, आणि नाव राहणार की कटणार ते माझ्या कागदावर ठरणार.

हे काम मला हलकं वाटत नाही. मागे कुस्तीतून आलेल्या एका पोराला मी ‘तयार’ असं लिहिलं होतं. लढतीत मागून त्याचा गळा आवळला गेला, त्यानं हार मानली नाही आणि तो शुद्ध हरपून पडला. बरा झाला, पण पुन्हा कधी उतरला नाही. त्या अहवालाखाली माझी सही होती.

पहिला मुक्काम वारजे. स्वारगेटला उतरून सिटी बसनं उलटं जाण्यात माझा तास गेला. तुम्ही साताऱ्याहून मुंबईच्या गाडीनं या आणि वारजे पुलाशीच उतरा. जिम एका औषधाच्या दुकानावर आहे. वरून धाडधाड आवाज येत होते, तरी मी दुकानदाराला विचारलं, “वर जिम आहे का?”

“का? भजनी मंडळ वाटतंय?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

वरचा मुलगा दिवसा खराडीत कंपनीत बसतो आणि संध्याकाळी इथे येतो. “सर, ऑनेस्टली सांगा, ग्राउंडवर ओके आहे ना मी?” ओके होता. ग्राउंड म्हणजे खाली पडल्यावरची झुंज; पडला तरी डोकं शांत ठेवून उठत होता. ‘तयार’ लिहिलं आणि स्वारगेटजवळच्या लॉजवर जाऊन झोपलो.

शनिवारी सकाळी साडेसहाला हडपसर. वाटेत गाडीवरचे पोहे खाल्ले; तिखट आहेत, पण वर ताजं खोबरं घालतात. सराव एका पत्र्याच्या शेडमध्ये चालतो. बघायला जायचं असेल तर आधी फोन करा, चपला बाहेर काढा आणि मोबाईल खिशातच ठेवा.

इथली शीतल बावीस वर्षांची, लहानपणापासून कुस्तीच्या मातीत घुमलेली. कोपऱ्यात खुर्ची टाकून तिचे वडील बसले होते, ज्ञानोबा पैलवान. दहा मिनिटांत मला शीतलची ताकद कळली, आणि तिची खोडही. कोणी तिला खाली पाडलं की ती क्षणात पालथी व्हायची. कुस्तीत तेच बरोबर, पाठ टेकली की संपलं. इथे मात्र पालथं होणं म्हणजे आपला गळा दुसऱ्याच्या हातात देणं. पडलं तर पाठ टेकून पाय पुढे घ्यायचे, म्हणजे समोरचा दूर राहतो. आणि जिच्याशी तिची लढत होती, ती मुलगी मागून गळा धरण्यातच तरबेज.

“वर्षभर सांगतोय,” तिचे कोच म्हणाले. “जित्याची खोड.”

सराव संपल्यावर शीतल घाम पुसत समोर आली. “सर, काय लिहिणार?”

“आज तू तयार नाहीस.”

“तीन आठवडे आहेत की अजून.”

“गळ्याला हात पडला की माणूस सवयीनंच वागतो, शीतल.”

तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

तेवढ्यात ज्ञानोबा उठले. गुडघे धरत मॅटवर आले. “म्याच शिकवलंय तिला ते. कदी पाठीला माती लागू दिली न्हाई.” मग कोचना म्हणाले, “पाय कसं ठिवायचं, दावा.” आणि तो म्हातारा पैलवान पांढऱ्या सदऱ्यानिशी सगळ्या पोरापोरींसमोर उताणा झाला.

“आबा, उठा,” शीतल हळूच म्हणाली.

“बघ. काय हुत न्हाई. आता तू.”

ती उताणी झाली. दोनदा पाठ टेकवून पाय पुढे घेतले, नीट जमलं. तिसऱ्यांदा कोचनी जोर लावला आणि ती पुन्हा पालथी झाली.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली, तरी बाहेर काही दिसलं नाही. घरी आल्यावर रविवारी ‘तयार नाही’ लिहून पाठवलं. शीतलचं नाव कटलं. वारज्याच्या मुलाचं राहिलं. मी बरोबर होतो, असं स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. तरी तो सदरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

दहा दिवसांनी ज्ञानोबांचा फोन आला. आता ओरडा खायचा म्हणून मी तयारीतच होतो.

“सर, काल धापैकी आठ येळा पाठ टेकली बगा पोरीनं.”

एका पैलवानाला हे इतक्या अभिमानानं सांगताना मी पहिल्यांदाच ऐकलं.