दोन्ही टोकं

हाटकेशहून स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात ते काका रोज माझ्या शेजारी असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, दुसरं शेजाऱ्यापुढे. आधी "लो, सुनो" म्हणायचे, मी मराठी आहे हे कळल्यावर "घ्या, ऐका." जॅझ! मला तर तो नुसता गोंगाट वाटायचा. "थांबा, आता सॅक्सोफोन येईल," म्हणत ते गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायचे. "हे एकट्यानं ऐकायचं नसतं हो." बाकीचे हसून नको म्हणायचे. मी घेत गेलो, आणि कधीतरी ते आवडायला लागलं.

मध्ये दोन महिने काका दिसले नाहीत. परत आले तेव्हा त्यांनी दोन्ही टोकं माझ्याच हातात दिली. मी एक टोक परत त्यांच्यापुढे धरलं.

"कान गेले माझे," ते जरा मोठ्यानंच म्हणाले. "तुम्ही ऐका. तुमची मान हलली की मला कळतं, कुठवर आलंय ते."

तेव्हापासून माझ्या मानेबरोबर त्यांची बोटं गुडघ्यावर चालायची.

परवा अर्ध्या वाटेत त्यांच्या खिशातल्या मोबाईलची बॅटरी संपली. कानात एकदम शांतता झाली, माझी मान थांबली. काकांची बोटं थबकली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी स्टेशन येईपर्यंत मान हलवत राहिलो.