मालकाने स्वतः पेटवला

तात्या आज सकाळी गेले. मला रडू आलं नाही. उगाच खोटं कशाला लिहू?

सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकलेत. 'देवमाणूस', 'मोठा आधार हरपला' वगैरे.

टाका. मी आमच्या मुडशिंगीच्या रानातली एक गोष्ट टाकतो.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. कारखान्यात चिटबॉय होते. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती चिठ्ठी त्यांच्या हातात. माझ्या वडिलांनी, आबांनी, स्वतः शाळा सोडून त्यांना शिकवलं, म्हणून ही नोकरी.

नव्वदच्या दशकात सरकारची झोनबंदी होती. तुमचं रान ज्या कारखान्याच्या हद्दीत, ऊस त्यालाच घालायचा. पलीकडचा कारखाना जास्त दर देऊन बोलवत असला, तरी तिकडं नेला की गुन्हा.

आणि आपला कारखाना नेईल तेव्हा नेईल.

त्या वर्षी आमच्या उसाला तुरे आले तरी तोड नाही. कांडी आतनं पोकळ व्हायला लागली.

तात्या बांधावर येऊन म्हणाले, "दादा, पेटीव. जळका ऊस कारखान्याला थांबवता येत न्हाय. चार दिवसांत तोडणीची टोळी लावतो."

आबांनी भर दुपारी पेटवला. त्याआधी डबा बडवत फडाभोवती फिरले. ससे-बिसे असले तर निघून जावेत म्हणून.

तिसऱ्या दिवशी कारखान्याचे शेतीसाहेब जीपमधनं आले. मागं तात्या, हातात पॅड.

"कुणी पेटवला?"

तात्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं : मालकाने स्वतः पेटवला.

साहेब म्हणाले, "स्वतः पेटवलेला ऊस यंदा सगळ्यात शेवटी. वरनं ऑर्डर आहे."

आबांनी तात्यांकडं एकदाच बघितलं.

"व्हय साहेब. मीच पेटवला."

मी तिथंच होतो. कॉलेजला होतो, अंगात रग होती. पुढं झालो तर आबांनी माझा दंड धरला.

घरी आल्यावर विचारलं, "तात्यानंच पेटवाय सांगितलं, असं का न्हाय बोललासा?"

"त्याची नोकरी गेली असती की. दोन पोरं हायती त्याला."

बास. एवढंच.

टोळी महिन्यानं आली. तोवर रानात आंबूस वास सुटला होता. टोळीच्या मुकादमानं एक कांडं मोडून हुंगलं आणि बांधावर टाकून दिलं.

आबांनी परत ऊस लावला नाही.

काही वर्षांनी सरकारनं झोनबंदी उठवली. एका कागदावर आली होती, एका कागदावर गेली. मग पलीकडच्या कारखान्याचे लोक दारात येऊन बसायला लागले. आमच्याकडं घाला, आमच्याकडं घाला.

आबा हसून म्हणाले, "आता ऊस कुठं हाय पावणं माझ्याकडं?"

तात्या घरी आले की मात्र आबा आईला चहा सांगायचे. शेवटपर्यंत. तो चहा मला कधी सहन झाला नाही.

आबा गेले तेव्हा पहिला खांदा तात्यांनीच दिला. मोठ्यानं रडले. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, आता माफी मागतील.

"बापू, ते उसाचं दादानं कुणाला सांगितलं न्हवतं न्हवं?"

एवढीच काळजी.

मी म्हणालो, "तात्या, सगळ्या गावाला माहीत हाय."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. परत माझ्याशी बोलले नाहीत.

मी खोटं बोललो होतो. आबांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात एकालाही माहीत नव्हतं.

आज झालं.

आबा असते तर ही पोस्ट डिलीट करायला लावली असती.

तात्या, निघा आता. वर आबा भेटतील, ते तुम्हाला चहाच सांगतील.

मी सांगितला नसता.

भावपूर्ण म्हणवत नाही. नुसतीच श्रद्धांजली.