धुरपताबाईचा नारळ

मानवतच्या आमच्या जिनिंगात हंगामाचा पहिला नारळ धुरपताबाईच फोडायची. सगळ्यांत जुनी कामगार म्हणून तिचा तो मान. तिने फोडल्याशिवाय एकही बाई मशीनमध्ये कापूस टाकत नसे. पहिलं खोबरं मुकादमाला जाई. मालकाला याचं भारी कौतुक. देवभोळ्या बायका कामाला बऱ्या, असा त्याचा हिशेब.

गेल्या हंगामात मशीनने कस्तुराबाईचा उजवा हात कोपरापर्यंत ओढून घेतला. हाडं मोडल्याचा आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो. मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर जाळी असती तर हात वाचला असता. मालक म्हणाला, पदर नीट खोचायला नको का? त्याच आठवड्यात आम्ही बायकांनी युनियन केली. मागणी एकच, आधी जाळी.

यंदा दसऱ्याला मशीनला हार घातलेला, पण जाळीचा पत्ता नाही. मालकाने नारळ पुढे केला. धुरपताबाईने तो घेतला, पोटाशी धरला आणि खाली बसली. मागोमाग आम्ही सगळ्या बसलो.

मुकादम परमेश्वर तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. हिनेच त्याला इथे चिकटवलेलं.

"मावशी, फोड की नारळ. मालक थांबायलेत."

"जाळी बसव म्हनावं, मंग फोडते. तवर न्हाई."

परमेश्वरने हाताने खूण केली तशी बाहेरून आणलेली माणसं काठ्या घेऊन आत शिरली. गीताबाईचे दात पडले. पळणाऱ्या पोरींना केसांना धरून आपटलं. परमेश्वर मात्र थेट मावशीकडे गेला. पहिल्या काठीने तिचं मनगट मोडलं. तरी नारळ सुटेना, तेव्हा दुसरी त्याने डोक्यात घातली. हारावर रक्त उडालं. लहानपणी याच हरामखोराला तिने घास भरवले होते. मी सरकीच्या ढिगात पडले होते आणि मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता.

मालकाने दुसरा नारळ स्वतः फोडला. मशीन सुरू झालं आणि रिकामंच घरघरत राहिलं. एकही बाई उठली नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, शेतकरी मालकाला आयमाईवरून शिव्या द्यायला लागले, तेव्हा कुठे जाळी आली.

धुरपताबाई दवाखान्यातून परतली ती डावा डोळा गमावून. परमेश्वरही जामिनावर सुटून कामावर आला होता. तिने तोच जपून ठेवलेला नारळ आणला आणि एका हाताने फोडला. परमेश्वरने सवयीने हात पुढे केला. तिने उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं, वळली आणि पहिलं खोबरं कस्तुराबाईच्या डाव्या हातावर ठेवलं.